माघी गणपतीला गावचं नाटक: वर्षभराचं वेळापत्रक

कोकणातल्या गावात नाटक करायचं ठरलं की "कोणतं नाटक?" यावर वाद सुरू होतो. खरं तर आधी "कोण कधी मोकळा?" हे विचारायला हवं. लावणी, कापणी, शिमगा, काजू-आंबा आणि चाकरमान्यांच्या रजा सांभाळून उरतात ते तुळशीच्या लग्नापासून माघी गणेश जयंतीपर्यंतचे सुमारे ऐंशी दिवस. भात घरात आलेलं असतं, काजूची धावपळ अजून लागलेली नसते. म्हणून प्रयोग माघ शुद्ध चतुर्थीला धरायचा आणि तिथून मागे मोजत यायचं.

वैशाख ते श्रावण: संहिता

मे महिन्यात मंडळी गावात असतात तेव्हा तीन-चार संहिता वाचायला द्या. निवडताना पात्रं मोजा, स्त्री-पात्रं मोजा, देखावे मोजा. सात-आठ पात्रं, दोन अंक आणि एकच देखावा असं नाटक गावाला झेपतं. दिवाणखाना, मग जंगल, मग कोर्ट असं असेल तर देखावा बदलताना पडदा पाच-पाच मिनिटं खाली राहतो आणि तेवढ्यात अर्धं पटांगण चहाला उठतं.

स्त्री-पात्रं ठरवण्याआधी रोज रात्री तालमीला कोण येऊ शकेल ते घरोघरी जाऊन विचारा. बाहेरून नटी आणायची असेल तर ती शेवटच्या दोन-तीन तालमींनाच मिळते हे धरून चाला. मानधन, प्रवास आणि राहण्याची सोय आधी बोलून घ्या. तिच्या जागी पहिल्या दिवसापासून कुणीतरी उभं राहून वाक्यं म्हणायला हवं, नाहीतर समोरच्या नटाला रिकाम्या जागेशी बोलायची सवय लागते. शनिवार-रविवारी येणाऱ्या चाकरमान्याचंही तेच. त्याला मोजक्या पात्रांबरोबरच प्रवेश असतील असं काम द्या.

पहिलं वाचन घड्याळ लावून करा. बसून वाचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण सव्वापट प्रयोगाला लागतो. काटछाट तेव्हाच करा, तालमी सुरू झाल्यावर नको. वाक्यं पाठ झालेला नट ती सोडायला तयार होत नाही.

हौशी संस्थेने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तर प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तरी लेखकाला किंवा वारसांना पत्र घालावं, ही साधी रीत आहे. तिकीट लावलंत तर ही सवलत धरून बसू नका, लेखी परवानगी घ्या. नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हा वेगळा कागद. तो आहे की नाही हे पावसाळ्यातच पाहा.

गणेशोत्सव: माणसं आणि पैसा

चतुर्थीला अख्खा गाव घरी असतो. पात्रवाटप आणि वर्गणी याच दिवसांत उरका. लाइट-साऊंड-पडदेवाल्याला आगाऊ रक्कमही आताच द्या, कारण माघ चतुर्थीला आजूबाजूच्या चार गावांना तोच हवा असतो. त्याच्याकडून यादी लिहून घ्या: पार (रंगमंचावरचे झोताचे दिवे) किती, माइक किती, विंगा (बाजूचे आडपडदे) किती, जनरेटर धरलाय का, टेम्पोभाडं कुणाचं. "सगळं आणतो" यावर विसंबलं की ऐनवेळी दोन माइक आणि फाटकी झालर येते.

कार्तिक ते पौष: तालमी

५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनालाच नारळ फोडायचा हट्ट नको. त्या तारखेला भात बहुधा अजून खळ्यात असतं. तुळशीचं लग्न होऊ द्या. प्रत्यक्ष रंगमंच टेपने मोजा आणि तेवढंच माप शाळेच्या वर्गात किंवा सभामंडपात खडूने आखा. दारं-खिडक्यांच्या जागाही आखा. मोठ्या मंडपात ऐसपैस फिरलेले नट २० फुटी रंगमंचावर एकमेकांवर आदळतात.

रोज दोन तास, साडेआठ ते साडेदहा. पहिले दोन आठवडे बसून वाचन, पुढचे तीन पहिला अंक, मग तीन दुसरा अंक, नवव्यात सलग आणि दहाव्यात सामान-कपड्यांसह. नक्कल, म्हणजे आपल्या पात्राची वाक्यं, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने वहीत उतरवावी, आधीच्या पात्राच्या शेवटच्या वाक्यासकट. मोबाइलवर फोटो काढून पाठ करणाऱ्याला आपलं वाक्य येतं, ते कधी म्हणायचं ते येत नाही.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पहिला अंक घोटून गुळगुळीत आणि दुसरा कच्चा. रोज सुरुवातीपासून सुरुवात केली की असंच होतं, कारण दहा वाजले की माणसं पांगतात. पहिले पाच आठवडे झाले की दुसरा अंक सुरू होतो. तेव्हापासून रोज आधी तोच घ्या, पहिला मागून.

प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून नटाला विसरलेलं वाक्य सुचवणारा, पहिल्या तालमीपासून एकच हवा. ज्याला काम मिळालं नाही त्याला हे द्यायची पद्धत वाईट. यासाठी सर्वांत शांत माणूस लागतो. नट जिथे मुद्दाम थांबतो तिथे प्रॉम्प्टरच्या प्रतीत पेन्सिलने आडवी रेघ असावी. ती नसली की नायिका डोळे टिपत थांबलेली असते आणि विंगेतून पुढचं वाक्य अख्ख्या पटांगणाला ऐकू जातं. द्यायचे ते पहिले दोन शब्द, तेही पुढच्या विंगेतून आणि माइकपासून तोंड फिरवून.

प्रवेशात पिस्तूल असेल तर टिकल्यांवर भरवसा नको. दव पडलं की त्या फुसक्या निघतात. दोन फूट लांबीच्या दोन फळ्या एका टोकाला बिजागरीने जोडा आणि विंगेत आपटा. नटाने फक्त हात झटकायचा. फळीवाल्याने नटाचा हात पाहायचा, वाक्य ऐकत बसायचं नाही.

प्रयोगाचा दिवस

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. बारापर्यंतची सूट राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवसच देऊ शकतं. आपला दिवस त्यात आहे का, हे पोलीस ठाण्यात अर्ज देतानाच विचारा. नसेल तर तिसरी घंटा साडेसातला, आणि सत्कार संध्याकाळी आरतीनंतर लगेच. सत्कार मध्यंतरात ठेवले की दुसऱ्या अंकाचा वेळ हारतुऱ्यांतच जातो.

एक रंगभूषाकार, आठ नट, प्रत्येकी वीस मिनिटं: म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. पावणेपाचला पहिला नट खुर्चीत हवा. दाढी-मिशीवाले आधी. कातडी कोरडी पुसल्याशिवाय स्पिरिट गम (मिशी चिकटवायचा डिंक) लावू नका, नाहीतर घामाने मिशी ओठावर उतरते.

जुने हजार वॅटचे बारा पार म्हणजे १२ किलोवॅट. शेजारच्या घरातून वायर ओढून हे चालत नाही. एलईडी पार मागवा किंवा जनरेटर घ्या आणि तो देवळाच्या मागे लांब ठेवा. पुढच्या कडेला तीन माइक स्पंजच्या तुकड्यांवर ठेवा, म्हणजे पावलांची धडधड कमी येते. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. मागे ठेवले की शिट्टी वाजणारच.

दव हा माघातला खरा शत्रू. वर ताडपत्री बांधा आणि प्रत्येक अंकाआधी रंगमंचाच्या फळ्या कोरड्या फडक्याने पुसा. नाटक संगीत असेल तर तबला शालीत गुंडाळून ठेवा आणि नांदीच्या आधी पुन्हा सुरात लावा, कारण ओलाव्याने पुडी उतरते.

नंतरचे आठ दिवस

हिशेब आठ दिवसांत देवळाच्या फळ्यावर लावा. उशीर झाला की पुढच्या वर्षीची वर्गणी आटते. मंडळाचे स्वतःचे पडदे असतील तर दोन दिवस उन्हात वाळवा, मगच घडी करून कापूर घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा. ओला पडदा शिमग्यापर्यंत काळा पडतो. काटछाट केलेली प्रॉम्प्टरची प्रत त्याच पेटीत ठेवा, आणि झाकणाच्या आतून सामानाची यादी व किल्ली कुणाकडे आहे ते लिहून चिकटवा.