घरातील विजेची बचत : सुरुवात मीटरपासून

वीज वाचवायची म्हटले की घरातील मंडळी प्रथम दिवे बंद करीत फिरू लागतात. परंतु ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास जळला तरी महिन्याला जेमतेम दीड युनिट खर्च होते. वीज खरोखर कोठे जाते हे सांगणारे साधन घरी आधीच असते, ते म्हणजे मीटर.

बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा शेजारीच छापलेला असतो. हा आकडा ३२०० असेल, तर मिनिटाला चार वेळा लुकलुकणे म्हणजे ७५ वॅट, अर्थात जुन्या पद्धतीचा एक छताचा पंखा. गिझर सुरू केला की तोच दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकू लागतो. आमचा मीटर जिन्याखाली असल्याने एकाने खाली उभे राहून मोजायचे आणि दुसऱ्याने वर फोन कानाला लावून एकेक बटण दाबायचे, असा हा दोघांचा कार्यक्रम असतो. प्रथम फ्रिजसह सर्व काही बंद करावे. तरीही दिवा लुकलुकत असेल, तर रिमोटने ‘बंद’ केलेला टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणाशी चालूच राहिलेला नाही ना, हे पाहावे. घरातील मेन स्विच पाडूनही लुकलुकणे थांबले नाही, तर मात्र स्वतः वायरिंगला हात न लावता परवानाधारक वायरमनला बोलवावे.

उष्णता निर्माण करणारी उपकरणे सर्वांत खादाड असतात. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ०.६ युनिट लागते आणि २००० वॅटच्या गिझरला त्यासाठी अठरा-वीस मिनिटे पुरतात. अडचण पुढे येते : गिझर लावून चहा, चहानंतर वर्तमानपत्र, आणि तोवर टाकीतील पाणी निवत व पुन्हा तापत राहते. घरातील सर्वांनी पाठोपाठ आंघोळी उरकाव्यात, आणि पाणी किती तापवायचे ते ठरवणारा थर्मोस्टॅट थोडा खाली आणावा. कढत पाण्यात अर्धी बादली थंड पाणी ओतायचेच असेल, तर ते इतके तापवावेच कशाला?

पंख्याचे गणित याच्या उलट असते, कारण त्याची भूक लहान पण तो चालतो दिवसभर. ७५ वॅटचा पंखा सोळा तास फिरला तर रोज १.२ युनिट जाते; ३० वॅटच्या बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरच्या) पंख्याला तेवढ्याच वेळात ०.४८ युनिट पुरते, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २१ युनिटे वाचतात. सर्व पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. सर्वाधिक फिरणारा पंखा आधी बदलावा. जुना, हाताला गरम लागणारा ठोकळ्यासारखा रेग्युलेटर असेल तर तोही काढावा, कारण तो पंख्याचा वेग कमी करतो खरा, पण त्यातील काही वीज स्वतःच उष्णतेत घालवतो.

फ्रिजच्या दारात कागदाचा कपटा धरून दार लावावे. तो सहज ओढून निघाला तर दाराचे रबर बदलण्यास आले आहे. एसीचे तापमान २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा, आणि एसीची हवा गाळणारी जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी.

महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती दरांत ० ते १००, १०१ ते ३०० असे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्याचा जास्त दर केवळ त्या टप्प्यातील युनिटांना लागतो, संपूर्ण वापराला नव्हे. त्यामुळे वाचवलेले प्रत्येक युनिट सर्वांत महाग टप्प्यातून कमी होते, मात्र स्थिर आकार, म्हणजे वापराशी संबंध नसलेली दरमहाची ठरावीक रक्कम, तसाच राहतो. बिलावरील चालू रीडिंग लिहून ठेवावे आणि ते रीडिंग घेतल्याच्या तारखेपासून पंधराव्या दिवशी मीटर पाहावा. फरक १५० च्या पुढे गेला असेल, तर महिनाअखेर ३०० चा टप्पा ओलांडला जाणार हे हाती पंधरा दिवस असतानाच कळते.