वनस्पतिविज्ञानात पीएचडी: फंडिंग हंगामाशी कसं जुळवायचं

अमेरिकी विद्यापीठात वनस्पतिविज्ञानाच्या एमएस किंवा पीएचडीला अर्ज करताना बहुतेकांची नजर ऑफर लेटरमधल्या वार्षिक आकड्यावर जाते. त्याआधी दोन गोष्टी पाहा. पैसा कुठून येतो, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत येतो? यातला दुसरा प्रश्न आपल्या विषयात जास्त छळतो, कारण पीक काही विद्यापीठाच्या सत्रांप्रमाणे वाढत नाही.

पैशाचे मार्ग मुख्यतः तीन. टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याच्या कामात मदतीच्या बदल्यात पगार, विभाग देतो. अर्धवेळ म्हणजे आठवड्याला २० तास काम, आणि बहुधा फक्त ९ महिन्यांचा पगार. उरलेले तीन महिने उन्हाळ्याचे. नेमकं तेव्हाच प्लॉटवर, म्हणजे प्रयोगाच्या शेतात, सगळ्यात जास्त काम असतं. रिसर्च असिस्टंटशिप गाईडच्या ग्रँटमधून, म्हणजे संशोधन अनुदानातून मिळते. ती बऱ्याचदा १२ महिन्यांची असते, पण ग्रँट संपली की तीही संपते. तिसरा मार्ग फेलोशिपचा. तो पैसा तुमच्या नावावर असतो, त्यामुळे प्रकल्प निवडायला थोडी मोकळीक मिळते.

अॅग्रॉनॉमी, हॉर्टिकल्चर, प्लांट पॅथॉलॉजी अशा विभागांत प्रवेश बहुतेक वेळा एखाद्या प्राध्यापकाच्या हातातल्या पैशावरच ठरतो. पैसे असलेला गाईड नसेल तर चांगल्या गुणांचा अर्जही पडून राहतो. बायोलॉजी विभागात टीचिंगच्या जागा तुलनेने जास्त. अर्ज डिसेंबर-जानेवारीत जात असतील, तर प्राध्यापकांना ईमेल ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये करा. दहा ओळी पुरेत: कोणतं पीक, हाताशी कोणतं तंत्र, त्यांच्या कामातला नेमका कोणता भाग, आणि शेवटी सरळ प्रश्न, ‘पुढच्या वर्षी फंडेड जागा आहे का?’ सोबत एक-दोन पानी सीव्ही. शंभर जणांना एकच मजकूर पाठवला की तो लगेच ओळखू येतो.

ईमेलआधी अर्धा तास आणखी एका कामाला द्या. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची ग्रँटची यादी सार्वजनिक आहे. प्राध्यापकाचं नाव टाकलं की रक्कम, सुरुवात आणि संभाव्य शेवटची तारीख दिसते. मग हंगाम मोजा. समजा, ग्रँट मे २०२८ मध्ये संपते आणि तुम्ही ऑगस्ट २०२६ मध्ये रुजू होता. प्रकल्प मक्याचा असेल तर २०२६ची पेरणी वसंतातच होऊन गेलेली. म्हणजे तुमच्या हाती पूर्ण हंगाम एकच, २०२७चा. एका वर्षाच्या शेतातल्या आकड्यांवर प्रबंध उभा करणं कठीण, कारण हवामानाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. हिवाळी गहू मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. बियाणं आणि प्लॉट आधीच ठरलेले असतील, तर ऑगस्टमध्ये येऊनही पहिलं पीक साधतं. मक्या-सोयाबीनच्या प्रकल्पात जानेवारीत रुजू होता येईल का, हे जरूर विचारा. ग्रँट लवकर संपत असली म्हणून जागा वाईट ठरत नाही. त्यानंतरचा पैसा कुठून येणार याचं उत्तर गाईडकडे हवं, एवढंच. उत्पादकांच्या संघटना एखाद्या पिकाच्या संशोधनाला पैसे देतात तेव्हा करार बहुधा वर्षावर्षाचा असतो, हेही लक्षात असू द्या.

ऑफर लेटर आलं की या गोष्टी लेखी विचारून घ्या: करार ९ महिन्यांचा की १२? ट्यूशन माफ आहे, पण सत्राची ‘फी’ वेगळी भरायची का? (अनेक ठिकाणी भरावी लागते, आणि पहिल्या पगाराआधीच.) आरोग्य विमा कोण भरतं? किती वर्षांची हमी, आणि कशावर अवलंबून? ग्रोथ चेंबर (नियंत्रित हवामानात रोपं वाढवायची खोली), ग्रीनहाऊसची जागा आणि सिक्वेन्सिंगचा (डीएनए वाचण्याचा) खर्च कोणाच्या खात्यावर? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण प्रयोग अर्ध्यावर अडकतात ते बहुतेक इथेच.

घाईने होकार देऊ नका. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं, शरद सत्रापासून सुरू होणाऱ्या आर्थिक मदतीच्या ऑफरवर १५ एप्रिलआधी उत्तर द्यायला भाग पाडत नाहीत.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांचीच मुभा असते. अर्धवेळ असिस्टंटशिपमध्ये ती पूर्ण वापरली जाते, त्यामुळे वर आणखी ग्रीनहाऊसमध्ये तासावर काम करून खर्च भागवू, हा हिशोब चालत नाही. सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं. म्हणून उन्हाळ्याच्या पगाराचं बोलणं गाईडशी जानेवारीतच करा.

नॅशनल सायन्स फाउंडेशनची प्रसिद्ध ग्रॅज्युएट फेलोशिप पाच वर्षांच्या मुदतीत तीन वर्षांचा पैसा देते, पण ती फक्त अमेरिकेचे नागरिक, नॅशनल (नागरिक नसले तरी कायद्याने अमेरिकेचे मानले जाणारे) आणि कायम रहिवासी यांच्यासाठी. परदेशी विद्यार्थ्याने तिच्यावर वेळ घालवू नये. बाहेरची दुसरी कोणतीही फेलोशिप मिळाली, तर विभाग असिस्टंटशिप कमी करतो की उरलेली वर्षं पुढे ढकलतो, हे अर्ज करण्यापूर्वीच विचारा.

छोट्या ग्रँटकडे उगाच दुर्लक्ष होतं. सिग्मा झाय, बोटॅनिकल सोसायटी ऑफ अमेरिका, अमेरिकन सोसायटी ऑफ प्लांट टॅक्सॉनॉमिस्ट्स या शास्त्रज्ञांच्या संस्था विद्यार्थ्यांच्या संशोधनाला मदत करतात. अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीचा लुईस अँड क्लार्क फंड फील्डवर्कसाठी ५००० डॉलरपर्यंत देतो. हा पैसा प्रवास, नमुने, रसायनं यांसाठी. त्यातून पगार निघेल असं धरू नका. अर्ज बऱ्याचदा नापास होतो तो बजेटमुळे. ‘डीएनए काम, १००० डॉलर’ असं लिहू नका. किती नमुने, प्रत्येकी किती खर्च, आणि बाकीचे पैसे कुठून, ते लिहा. झाडं फुलण्याच्या तारखेपासून मागे मोजत या: निकाल यायला काही महिने, मग पैसे खात्यात पडायला आणखी आठवडे. एप्रिलमध्ये फुलणाऱ्या प्रजातीसाठी मार्चमध्ये अर्ज केला, तर पैसा पुढच्या वर्षीच उपयोगी पडेल. संरक्षित क्षेत्रातून नमुने गोळा करायचे असतील तर परवानगीची प्रक्रियाही त्याच वेळी सुरू करा.