वाचलेल्या उताऱ्यांतून प्रबंधाचा मुद्दा कसा उभा करायचा

प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यात नेहमी एकच साचा दिसतो: अमुक म्हणतात, तमुक म्हणतात, शिवाय तिसऱ्यांचंही असं मत आहे. वीस पानं भरतात, पण विद्यार्थ्याचं स्वतःचं म्हणणं काय, ते सापडत नाही. वाचन कमी पडलंय असं नसतं. प्रत्येक लेखकाने ते पुस्तक स्वतःच्या प्रश्नासाठी लिहिलेलं असतं आणि तुमचा प्रश्न वेगळा असतो. हे अंतर कुणीतरी भरायला हवं, आणि ते काम तुमचंच आहे.

एक उदाहरण घेऊन बघू. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ‘पुरामुळे पुणं बदललं’ हा विषय झाला, मुद्दा नव्हे. त्याला कोण नाही म्हणेल? आता हे बघा: ‘शहर पेठांबाहेर गेलं ते पुरामुळे नव्हे, आधीच सुरू झालेल्या वाढीला पुराने फक्त वेग दिला.’ यावर जाणकार माणूस वाद घालू शकतो. हे खरं आहे की खोटं, ते पुराव्याने ठरेल. तूर्त एवढं पुरे. वाक्य कच्चं असलं तरी वाचन सुरू करण्याआधी लिहून समोर ठेवा, कारण काय टिपायचं आणि काय सोडायचं ते त्यावरूनच कळतं.

पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसा किंवा घरी शोधगंगा या ऑनलाइन संग्रहातले प्रबंध वाचा. प्रत्येक नोंदीसाठी एक कार्ड करा आणि त्यावर चार ओळी लिहा.

पहिली, स्रोत काय म्हणतो: तुमच्या शब्दांत एक वाक्य, सोबत पान क्रमांक आणि आवृत्ती. शब्दशः उतारा घेतला तर अवतरणचिन्हं तिथल्या तिथे घाला. तीन महिन्यांनी आपलं वाक्य कुठलं आणि लेखकाचं कुठलं ते ओळखू येत नाही, आणि नकळत झालेली वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणं इथूनच सुरू होतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांच्या वर आणि ४० टक्क्यांपर्यंत निघालं, तर प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते.

दुसरी, कशाच्या जोरावर म्हणतो: किती कुटुंबं, कोणत्या पेठा, कोणतं साल.

तिसरी, ‘म्हणून’: यावरून तुमच्या मुद्द्यासाठी काय निघतं. चौथी, ‘पण’: मुद्द्याच्या विरोधात काय जातं.

सगळा जीव तिसऱ्या ओळीत आहे. समजा, कार्डावर आहे: ‘शनिवार, नारायण पेठेत घरांचं मोठं नुकसान झालं.’ खाली तुम्ही लिहिता: ‘म्हणून लोक पेठांबाहेर राहायला गेले.’ इथे थांबा. घर पडलं आणि माणूस गेला, या दोहोंमध्ये एक पायरी गाळलेली आहे. काहींनी त्याच जागेवर पुन्हा बांधलं असेल, काही नातेवाइकांकडे राहून परतले असतील. नुकसानीचा आकडा कितीही मोठा असला तरी स्थलांतर त्यातून सिद्ध होत नाही. चौकशी आयोगाच्या अहवालाचंही तसंच: धरण का फुटलं हा त्याचा प्रश्न, घरं कुठे गेली हा नाही. तुम्हाला हवी आहे बांधकाम परवानग्यांची वर्षवार नोंद. महापालिका १९५० ला झाली, म्हणजे पुराआधीची अकरा वर्षं तुलनेला मिळू शकतात. पेठांबाहेरच्या परवानग्या त्या काळात वाढताना दिसल्या तर मुद्द्याला बळ मिळतं. १९६१ नंतरच एकदम उसळल्या तर मुद्दा बदलावा लागेल. तो बदलण्यात कमीपणा नाही, संशोधन म्हणतात ते यालाच.

साठ-सत्तर कार्डं झाली की जमिनीवर पसरा आणि गठ्ठे लावा. लेखकवार लावू नका, तिसऱ्या ओळीप्रमाणे लावा. लेखकवार लावले की आढावा पुन्हा ‘अमुक म्हणतात’वर येतो. एका गठ्ठ्यात तीन लेख असले आणि तिघांचाही आधार एकच पाहणी असली, तर तो पुरावा एकच धरायचा. हे दुसऱ्या ओळीवरून लगेच कळतं.

एका गठ्ठ्याचा साधारण एक परिच्छेद होतो. पहिलं वाक्य तुमचं, मग पुरावा, मग तो पुरावा मुद्द्याला कसा लागू पडतो त्याची दोन-तीन वाक्यं. ही शेवटची वाक्यंच सर्वांत जास्त वेळा गाळली जातात, कारण लिहिणाऱ्याला ती उघड वाटतात. परीक्षकाला ती उघड नसतात. क्रियापदही पुराव्याच्या वजनाप्रमाणे निवडा. चाळीस कुटुंबांच्या मुलाखतींवरून ‘पुणेकरांनी ठरवलं’ असं लिहिता येत नाही. ‘या कुटुंबांत असं दिसतं’ इथवरच जाता येतं.

‘पण’च्या ओळीतली विरोधी कार्डं शेवटच्या प्रकरणात कोंबू नका. ज्या परिच्छेदातल्या दाव्याला ती छेद देतात, तिथेच त्यांना जागा द्या आणि दावा तेवढा आवळून घ्या. व्हायव्हात पहिला प्रश्न बहुधा त्यांच्यावरच येतो, तेव्हा उत्तर प्रबंधात पान क्रमांकासह तयार असू द्या.