तीन बेअरिंग घेऊन बोटीची जागा काढताना

शिडाच्या बोटीच्या कोर्समध्ये चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) तीन रेषा मारायला लवकरच शिकवतात. प्रत्येक रेषा म्हणजे एका खुणेचं बेअरिंग, होकायंत्राने अंशांत मोजलेली तिची दिशा; रेषा मिळतात तिथे बोट. रेषा मारणं सोपं. चुका होतात त्या आधीच्या दोन मिनिटांत.

खुणा चार्टवर छापलेल्या आणि जागच्या न हलणाऱ्या निवडा: दीपगृह, भूशिराचं टोक, मनोरा. बोया (तरंगती खूण) टाळा, ती साखळीवर फिरते, कधी सरकतेही. दोन खुणांमध्ये साधारण ६० अंशांचं अंतर असावं. शक्यतो जवळच्या खुणा घ्या: ५ अंशांची चूक ३ सागरी मैलांवर जवळजवळ ५०० मीटरची होते.

क्रम महत्त्वाचा आहे. नाळेसमोरची (बोटीच्या पुढच्या टोकासमोरची) किंवा मागची खूण आधी, बाजूची सगळ्यात शेवटी, कारण तिचं बेअरिंग सर्वांत भराभर बदलतं. ५ नॉट वेगाने बोट मिनिटाला दीडशे मीटर पुढे जाते, म्हणून शेवटच्या वाचनाची वेळ आणि लॉगचा (कापलेलं अंतर मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा लगेच लिहा. हातातलं होकायंत्र इंजिन, स्पीकर, मोबाइलपासून लांब धरा. (चष्म्याची लोखंडी काडीसुद्धा सुई हलवते.)

चुंबकीय बेअरिंग खऱ्या उत्तरेवर आणताना चार्टवर दिलेला चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक पूर्वेचा असेल तर मिळवा, पश्चिमेचा असेल तर वजा करा. नवशिक्यांची निम्मी गडबड इथेच होते.

तिन्ही रेषा एका बिंदूत क्वचितच मिळतात. छोटा त्रिकोण उरतो. बोट मधोमध आहे असं समजू नका, खडकाच्या सर्वांत जवळचा कोपरा धरा. त्रिकोण फारच मोठा आला तर एखादी खूण चुकीची ओळखली असेल. तिन्ही बेअरिंग पुन्हा घ्या.