गप्पांसाठी दिवाणखाना कसा मांडावा

नव्या घरात सामान आले की सोफा एका भिंतीला, दिवाण समोरच्या भिंतीला आणि टीव्ही तिसऱ्या भिंतीला टेकवून आपण मोकळे होतो. मधली फरशी रिकामी राहिल्यामुळे खोली मोठी दिसते हे खरे, पण दहा बाय सोळा फुटांच्या हॉलमध्ये दोन्ही आखूड भिंतींना अशी बैठक लावली, तर समोरासमोरच्या माणसांत जवळजवळ दहा फुटांचे अंतर पडते आणि चहा पितानाही आवाज चढवून बोलावे लागते. १९५०च्या दशकात कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातल्या एका रुग्णालयात, वृद्ध स्त्रियांच्या कक्षात, भिंतीलगत ओळीने मांडलेल्या खुर्च्या लहान टेबलांभोवती आणून ठेवल्या, तेव्हा काही आठवड्यांत त्यांच्यातील बोलणे जवळजवळ दुप्पट झाले. माणसे तीच होती, बदलली होती ती फक्त खुर्च्यांची जागा.

म्हणून मांडणीची सुरुवात भिंतीपासून न करता बोलणाऱ्या माणसांपासून करावी. अशा हॉलमध्ये सोफा लांब भिंतीला लावावा आणि एकदोन खुर्च्या त्याच्या टोकाशी काटकोनात ठेवाव्यात. अगदी समोरासमोर बसले की सतत नजरेला नजर भिडते आणि एका रांगेत बसले की मान वळवून अवघडायला होते. काटकोनात मात्र हवे तेव्हा पाहता येते आणि हवे तेव्हा नजर खिडकीबाहेर नेता येते. बसलेल्यांमध्ये चार ते आठ फुटांचे अंतर असावे, त्याहून जास्त नको. टीपॉय सोफ्यापासून सव्वा ते दीड फुटावर ठेवावा, म्हणजे कप उचलताना वाकावे लागत नाही आणि गुडघेही अडत नाहीत. जड सामान सरकवण्याआधी प्रत्येक वस्तूच्या मापाची वर्तमानपत्रे फरशीवर अंथरून त्यांच्यामधून चालून पाहावे. दारापासून स्वयंपाकघराकडे जाणारी वाट अडीच ते तीन फूट रुंद असावी आणि ती बैठकीच्या मधून नव्हे, बाजूने जावी. नाहीतर दर पाच मिनिटांनी कोणीतरी बोलणाऱ्यांच्या मधून जाते आणि विषय तुटतो.

घरात वयस्कर माणूस असेल तर त्याची जागा सर्वांत आधी ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या सासूबाईंना उजव्या कानाने कमी ऐकू येते. त्यांची खुर्ची पूर्वी सोफ्यावर बसणाऱ्यांच्या डावीकडे होती, त्यामुळे बोलणाऱ्यांकडे नेमका त्यांचा उजवा कान येई आणि त्या मान डोलावून गप्प बसत. आम्ही ती खुर्ची दुसऱ्या टोकाला नेली, सोफा त्यांच्या डाव्या हाताला आला आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मध्येच एकाचे बोलणे थांबवून त्याची चूक दुरुस्त केली. आसन सतरा ते एकोणीस इंच उंच, फार न दबणारे आणि हात असलेले असावे, म्हणजे उठताना आधार मिळतो. खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्याचा चेहरा अंधारात जातो, आणि ज्यांना कमी ऐकू येते ते बोलणे समजण्यासाठी ओठांकडे पाहण्याचाही आधार घेतात. त्यामुळे खिडकी बैठकीच्या बाजूला यावी. रात्रीसाठीही छतावरच्या एकाच ट्यूबलाइटपेक्षा बसण्याच्या जागेजवळचा दिवा अधिक उपयोगी पडतो.

टीव्ही जिथे उरलेल्या जागेत बसेल तिथे बसवावा. बैठक त्याच्यासाठी वाकवू नये. हळदीकुंकू किंवा गणपतीच्या दिवसांत टीपॉय उचलून मध्ये सतरंजी अंथरावी लागते, म्हणून तो एका माणसाला उचलता येईल एवढा हलका घ्यावा. खुर्च्यांच्या पायांखाली नमद्याचे तुकडे चिकटवले की त्या आवाज न करता सरकतात. मग आठवडाभर घरातली आणि येणारी-जाणारी माणसे कोणती खुर्ची कुठे ओढतात ते पाहावे आणि ती तिथेच राहू द्यावी.