ओंबी वाचून ओळखा: गव्हाला पाणी नेमकं कधी कमी पडलं?

कापणीला आठवडा राहिला की मी मीटरपट्टी, पिशवी आणि चष्मा घेऊन गव्हात जाऊन बसतो. पीक उभं आहे तोवरच पाण्याचा हिशेब लागतो. एकदा पोती भरली की ‘यंदा उतार कमी पडला’ एवढंच हाती उरतं आणि सगळा दोष हुकलेल्या शेवटच्या पाण्यावर जातो. मीही बरीच वर्षं तेच म्हणायचो.

गव्हाचं उत्पादन म्हणजे तीन आकड्यांचा गुणाकार: चौरस मीटरमधल्या ओंब्या, एका ओंबीतले दाणे आणि एका दाण्याचं वजन. समजा 350 ओंब्या, 32 दाणे आणि हजार दाण्यांचं वजन 38 ग्रॅम. हेक्टरी साधारण साडेबेचाळीस क्विंटल होतात. हे आकडे एकामागून एक ठरतात आणि मागचा आकडा पुढच्या पाण्याने फारसा सुधारत नाही. म्हणून कुठला आकडा पडला ते बघायचं. ताणाची, म्हणजे पाणी कमी पडल्याची, तारीख त्यातच असते.

आधी ओंब्या मोजा. चार-पाच ठिकाणी एक मीटर ओळ घ्या. ओळींत 20 सेंटिमीटर अंतर असेल तर आकड्याला पाचाने गुणा. ओंब्या कमी आणि बुडाशी वाळलेले बारीक फुटवे (बुडातून निघालेल्या बाजूच्या काड्या) दिसले, तर ताण सुरुवातीला बसला. एखादं झाड उपटून मुळंही बघा. बियाण्यातून निघालेली चार-सहा मुळं पहिले काही दिवस निभावून नेतात. पेरणीनंतर 20-22 दिवसांनी जमिनीलगत मुकुटमुळं फुटतात. तेव्हा वरचा थर कोरडा असला तर ती आत शिरतच नाहीत आणि झाड फुटवे पोसू शकत नाही.

मग मधल्या उंचीच्या दहा ओंब्या तोडा. ओंबी आखूड आणि कणिसकं, म्हणजे ओंबीवरचे फुलांचे छोटे झुपके, मोजकीच असली तर ताण कांडी धरण्याच्या, म्हणजे खोड उंच वाढायला लागण्याच्या, आधीचा. पहिलं पेर हाताला लागतं, तोवर पोटातल्या ओंबीची कणिसकं मोजून झालेली असतात.

आता सगळ्यात फसवी जागा. ओंबी लांब, कणिसकं भरपूर, दिसायला झकास, पण चिमटीत दाबली की पोकळ. मधली कणिसकं घ्या आणि प्रत्येकातली खालची दोनच फुलं सोलून बघा. वरची फुलं चांगल्या पाण्यातही गळतात, बुडाची कणिसकंही बारीकच राहतात. ती मोजू नका. खालच्या दोन फुलांतच दाणा नसेल, तर पोटरीत, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात असताना, पराग मेला असं समजा. ताणात परागकोशापर्यंत साखर पोचत नाही, परागकणांत स्टार्च साठत नाही आणि ते वांझ राहतात. स्त्रीकेसर त्या मानाने चिवट असतो. हे काही दिवसांचंच काम आहे, पण ते हुकलं की नंतर कितीही पाणी सोडा, ते फूल भरत नाही. माझं एक अख्खं पीक असं गेलं. मी पाणी ‘दाणा भरायला’ राखून ठेवलं होतं, आणि भरायला दाणेच नव्हते. मात्र कडाक्याची थंडी, उष्णतेची लाट किंवा बोरॉनची कमतरता यांनीही फुलं वांझ होतात. त्या दिवसांतलं हवामान आठवा, मगच पाण्याला दोष द्या.

दाण्यांची संख्या ठीक पण वजन कमी असेल, तर ताण फुलोऱ्यानंतरचा. हजार दाणे मोजून वजन करा. फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत दाण्यातल्या पेशींची संख्या ठरते. तेव्हा पाणी तुटलं तर दाणा लहानच घडतो. सुरकुतलेला, पोटात खोल चीर पडलेला दाणा असेल तर घर मोठं होतं पण भरलं नाही, म्हणजे ताण त्याच्याही नंतरचा. अशा वेळी झाड काडीतली साठवलेली साखर ओंबीकडे ओढतं, म्हणून नुकसान वाटतं तेवढं होत नाही. या दाण्यात प्रथिनांचं प्रमाण जास्त निघतं, कारण मार स्टार्चला बसलेला असतो.

पुढच्या हंगामात हे उभ्या पिकातच पकडायचं असेल तर पहाटे फेरी मारा. दुपारी पान गुंडाळलेलं दिसलं म्हणून घाबरू नका. मुळांकडून इशारा आला की झाड पर्णरंध्रं मिटून पाणी वाचवतं. त्याची किंमत म्हणून कर्बवायू आत येत नाही आणि पान तापतं. पण पहाटेही पान उलगडलेलं नसेल, तर रात्रभरात मुळांना पुरेसं पाणी मिळालेलं नाही.

आणि पाणी मोजकंच असेल तर? 110-120 दिवसांच्या वाणाला एकच पाणी देता येत असेल, तर ते 40-42 दिवसांनी. दोन असतील तर 20-22 आणि 60-65 दिवसांनी, तीन असतील तर या तिन्ही वेळा. हलक्या जमिनीत दिवस थोडे अलीकडे ओढावे लागतात. मी तर दिवसांपेक्षा पोटरीकडे बघतो: शेवटचं पान पूर्ण उलगडायला आलं की आवरण चिरून ओंबी बघायची आणि त्याच दिवशी पाणी सोडायचं.