क्यूबसॅट तयार, रेडिओचं लायसन कुठाय? या चुका टाळा

परवा राजारामपुरीत चहा पिताना कॉलेजची दोन पोरं भेटली, क्यूबसॅट (ठोकळ्यासारखा छोटा उपग्रह) करतायत, बॅटरी झाली, ट्रान्समीटर पण मागवला, आणि लायसनचं विचारलं तर म्हणतात, "ते लाँचच्या आधी काढूया की दादा." इथंच गाडी घसरते. फ्रिक्वेन्सी मिळाल्याशिवाय रेडिओ विकत घेऊ नका, नाहीतर बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) बदलला की रेडिओपण गेला आणि त्याला जुळवलेली अँटेनापण.

दुसरं, सगळं एकाच खिडकीवर होईल असं समजू नका. फ्रिक्वेन्सी आणि लायसन दिल्लीच्या डब्ल्यूपीसीकडं (केंद्राच्या दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा, अर्ज सरल संचार पोर्टलवर), अवकाशातल्या कामाची परवानगी अहमदाबादच्या इन-स्पेस या सरकारी संस्थेकडं, आणि आयटीयूकडं (जागतिक दूरसंचार संघटना) फ्रिक्वेन्सीचं फायलिंग आपलं सरकार करतं, तुम्ही थेट नाही.

४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ हा हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा बँड, फुकटात मिळतो म्हणून सगळे त्यावरच उड्या मारतात. पण तिथं आयएआरयूचं (हौशी रेडिओवाल्यांची जागतिक संघटना) कोऑर्डिनेशन लागतं, धंद्याचा डेटा चालत नाही, आणि टेलिमेट्री (उपग्रह खाली पाठवतो ती माहिती) कुणालाही वाचता आली पाहिजे. कंट्रोल कमांड तेवढ्या लपवता येतात.

आता आमची फजिती. अर्जात एमिशन (सिग्नलची रुंदी नि प्रकार सांगणारा कोड) लिहिलं 'सोळा के झिरो एफ वन डी', म्हणजे १६ किलोहर्ट्झ रुंदीचा एफएम डेटा, आणि सोबतच्या लिंक बजेटमध्ये (सिग्नल जमिनीपर्यंत पोचेल का याचा हिशोब) बँडविड्थ २५ किलोहर्ट्झ. अर्ज परत! चूक कुणाची, तर दोन एक्सेल शीट ठेवणाऱ्या आमचीच. अर्ज परत आला की आधी पॉवर, बँडविड्थ, अँटेना गेन आणि कक्षेची उंची हे आकडे सगळ्या कागदांवर एकच आहेत का बघा, नंतर फोनाफोनी.

गच्चीवर अँटेना लावून 'जरा टेस्ट' पण नको, हवेत सिग्नल सोडायला रेडिएटिंग लायसन लागतं. टेबलावर अँटेनाऐवजी डमी लोड लावा, तो सिग्नल हवेत न सोडता जिरवतो.

"छोटा उपग्रह, कोण बघतंय" म्हणणाऱ्यांसाठी: जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच पीएसएलव्हीवरून स्वार्म या अमेरिकन कंपनीचे चार बारके उपग्रह गेले, तेही अमेरिकेच्या एफसीसी या रेडिओचे परवाने देणाऱ्या संस्थेनं आधीच परवानगी नाकारलेली असताना, आणि नंतर ९ लाख डॉलर भरावे लागले.

आणि एक, जमिनीवरून ट्रान्समीटर बंद करता आला पाहिजे हा आयटीयूचा नियमच आहे. आमच्या पोरांनी 'ऑन' शंभरदा तपासला होता, 'ऑफ' एकदाही नाही.